उदगीरला लावलेली समुद्राची पोथी

लातूरचा जिल्हा होऊन तिसरं वर्ष चालू होतं आणि पाऊस रुसून दुसरं, तेव्हा उदगीरला समुद्र आला. पत्र्याच्या पेटीत बसून, एस.टी.च्या टपावरून आला. स्टँडपासून वाचनालयापर्यंत हमालाच्या डोक्यावरून आला. पेटीवर पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, ‘सागरी जीवन व सागर संवर्धन वाचक मंडळ, ता. उदगीर.’

हमालानं पेटी ओट्यावर टेकवली आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, “काय हाय हो यात, गुरुजी?”

“समुद्र,” ग्रंथपाल साहेबराव सोनकांबळे म्हणाले.

“तरीच! मानंचं पाणी पाणी झालं.”

मुंबईहून प्रत्येक जिल्ह्याला एकेक विषय निवडायला सांगितलं होतं. जुन्या जिल्ह्यांनी शेती घेतली, आरोग्य घेतलं, कुक्कुटपालन घेतलं. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांनी समुद्र घेतला नाही, त्यांच्या दारात तो आधीच होता. लातूर धाकटं, यादीत शेवटचं. पातेल्यात जे उरतं ते नव्या सुनेच्या वाट्याला येतं, तसा हा समुद्र लातूरच्या वाट्याला आला. नव्या जिल्ह्याला नको म्हणायची सोय नव्हती. लातूरनं तो तालुक्यांना वाटून दिला, आणि ज्या उदगीरला दहा दिवसांतून एकदा नळाला पाणी यायचं, त्या उदगीरला एकेचाळीस पुस्तकं भरून पाणी मिळालं.

पेटीत वर एक परिपत्रक होतं. मंडळाचे पंचवीस सदस्य असावेत. दर आठवड्यास वाचन व्हावे. सहा महिन्यांनी तपासणी होऊन सदस्यांस प्रश्न विचारले जातील. इथवर ठीक होतं. चौथं कलम बारीक अक्षरात होतं: जेथे मंडळ चालत नसेल, तेथील वाचनालयाचा सर्व ग्रंथसंग्रह जिल्ह्याच्या ग्रंथालयात विलीन करण्यात येईल.

ते कलम साहेबरावांनी तीनदा वाचलं. लातूरला जिल्ह्याच्या ग्रंथालयाची इमारत उभी राहिली होती. कोनशिला बसली होती, फीत कापून झाली होती, भिंतींना कपाटं लागली होती. नव्हती ती फक्त पुस्तकं.

साहेबरावांकडे चार हजार पुस्तकं होती. काही निजामाच्या वेळची उर्दू, काही कानडी, बाकी मराठी. कोणत्या पुस्तकाला कुठं वाळवी लागली होती आणि कुणाच्या पोटात कुणी मोराचं पीस ठेवून विसरलं होतं, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. लहानपणी याच वाचनालयाच्या बाहेरच्या पायरीवर बसून, आतल्या माणसानं मोठ्यानं वाचलेला पेपर ऐकत त्यांना अक्षरांची ओढ लागली होती. आत बसायला जागा फार पुढं मिळाली. आता किल्ली त्यांच्या कंबरेला होती. ट्रक आला तर ती किल्ली कुलपाची राहील, वाचनालयाची राहणार नाही.

म्हणून त्यांनी मंडळ काढलं.

अध्यक्ष कोण हा प्रश्न उदगीरला कधीच पडत नसे. गोशाळेचे अध्यक्ष बसलिंगप्पा, कुस्त्यांचे बसलिंगप्पा, स्मशानभूमी सुधार समितीचेही बसलिंगप्पा. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. समुद्र तेवढा त्यांच्याकडे यायचा राहिला होता. त्यांनी पेठेतली चोवीस नावं एका दमात सांगितली आणि रजिस्टर भरलं.

पहिल्या बैठकीत अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. अध्यक्ष बोलायला उभे राहिले.

“सागर संवर्धन म्हंजे काय? तर मासे न खाणं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी माशाला बोट लावलं न्हाई. तुमच्या बी न्हाई. म्हंजे आपण आठशे वर्षांपासून समुद्र वाचवून राहिलो की! फक्त सरकारला मालूम नव्हतं.”

टाळ्या पडल्या. ठराव झाला: ‘उदगीरच्या पेठेने समुद्राचे शंभर टक्के संवर्धन आधीच केलेले असून उरलेल्या देशाने तिचा आदर्श घ्यावा.’ ठरावाची नक्कल लातूरला गेली.

“आता एकच कसर हाय,” खाली बसता बसता बसलिंगप्पा म्हणाले. “काही गल्ल्यांतून सुकटीचा वास येतो. नाव कुणाचं घेत न्हाई. अध्यक्ष म्हणून बोलावं लागून राहिलं.”

चोवीस माना साहेबरावांकडे वळल्या आणि सभ्यपणानं परत फिरल्या.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, सरजाबाईंना हे सांगितलं. सरजाबाई चुलीपुढं होत्या. तव्यावर काय होतं ते गल्लीला कळत होतं.

“सांगायचं न्हाई का त्याला?” त्या म्हणाल्या. “समुद्रातलं एक तरी माणूस उदगीरला येऊन गेलं आसंल, तर ती ही सुकट हाय. बाकी तुमच्या मंडळाला समुद्राचं काय ठावं? जेवा.”

दुसऱ्या बैठकीत अध्यक्षांनी उपाध्यक्षांचा सत्कार केला. तिसरीत दुखवट्याचा ठराव आला. कोकणात कुठंतरी मेलेला देवमासा किनाऱ्याला लागल्याचं पेपरात छापून आलं होतं. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. दुसऱ्या मिनिटाला मागून कुणीतरी हळूच विचारलं, “मयत कुणाकडली?”

चौथ्या बैठकीला चौघं आले. पाचवीला दोघं, त्यातला एक देगलूरच्या गाडीची वाट बघत सावलीला बसलेला.

साहेबराव आडतीवर गेले. “अप्पा, माणसं येत न्हाईत. पुस्तक कुणी उघडलं न्हाई.”

“सह्यांचं माझ्यावर सोडा, सायबराव. सगळ्यांच्या आणून देतो.”

“सह्यांनी भागत न्हाई अप्पा. साहेब प्रश्न विचारणार हायत.”

बसलिंगप्पांनी थोडा विचार केला. “मग उत्तरांचं तुमच्यावर सोडतो,” ते म्हणाले.

साहेबराव कलमाला धरून चालणारा माणूस. दर आठवड्यास वाचन व्हावे असं लिहिलं होतं, तेव्हा ते वाचत. खिडकीपाशी उजेडाला बसून, रिकाम्या खुर्च्यांपुढं, पेटीतलं सगळ्यात जाड, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक मोठ्यानं वाचत.

खिडकीबाहेर वाचनालयाचं अंगण होतं आणि अंगणात हापसा. गावातले आड कोरडे पडले होते, पण हा हापसा अजून जीव धरून होता. चाळीस हिसके मारले की एक घागर भरायची, मग त्याला दम खाऊ द्यावा लागायचा. म्हणून दिवसभर घागरींची रांग आणि रांगेच्या कडेला बायांची बैठक. बोलायचं सगळं बोलून झालेलं असायचं. त्या ऐकत बसायच्या.

एका सकाळी साहेबराव कुलूप काढत होते, तर रत्नम्मा पायरीशी उभी. साठी उलटलेली, कपाळाला विभूतीची तीन बोटं, काखेत रिकामी कळशी.

“गुरुजी, पुढं काय झालं तिचं?”

“कुणाचं, अव्वा?”

“त्या कासविणीचं. समिंदरातून सरपटत आली, वाळू उकरली, शंभर अंडी घातली, वर माती लोटली, अन् तुम्ही पुस्तक मिटलं. रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या.”

“ती परत समुद्रात जाते.”

“अन् लेकरांकडं कवा येते?”

“येत न्हाई. लेकरं आपली आपण वाळूतून निघतात, पाण्याकडं पळतात. हजारातलं एखादं जगतं.”

“अय्यो शिवा.” रत्नम्मानं कळशी खाली ठेवली. “मला सहा झाली, गुरुजी. एक हाय,” ती म्हणाली. मग पदरानं नाक पुसून, “वाचा की मग. उभे काय राहिले?”

पुढच्या वाचनाला ती चौरंग घेऊन आली. साहेबराव नको नको म्हणेपर्यंत तिनं तो वाचनालयाच्या उंबऱ्यावर मांडला, म्हणजे आवाज आतही जाईल आणि रांगेलाही पोचेल. वर धुतलेलं फडकं घातलं, निळं पुस्तक ठेवलं आणि पुठ्ठ्यावर तीन बोटं विभूती ओढली.

“अव्वा, ही पोथी न्हाई. हे शास्त्राचं पुस्तक हाय. एका प्रोफेसरानं लिहिलं हाय.”

“आसू दे की. तो बी कुणाचा तरी लेकच.”

“पण विभूती कशाला?”

“एवढ्या पाण्याचं पुस्तक,” रत्नम्मा म्हणाली, “अन् तुम्ही मांडीवर घेऊन वाचता? लाज न्हाई वाटत?”

उदगीरच्या त्या गल्लीला चार माणसांनी मिळून पुस्तक वाचायची एकच रीत ठाऊक होती. पोथी लावायची. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचं, एका बैठकीला एक अध्याय, शेवटी साखर-फुटाणे. ती रीत मिळाली आणि जे सत्कारांनी झालं नव्हतं ते झालं. पहिल्या आठवड्याला वीस माणसं, मग पन्नास. मोंढ्यातले हमाल येऊ लागले. केवळाबाई भाजीचं टोपलं घेऊन येऊ लागली. निळ्या पुस्तकाची अठरा प्रकरणं होती. त्यांचे अठरा अध्याय झाले.

आणि ही माणसं नुसतं ऐकत नव्हती. देवमाशाची मादी लेकराला दूध पाजते म्हटल्यावर बायांनी त्याच दिवशी तिला मासा म्हणायचं सोडलं. बारीक जाळ्यात पिलं सुद्धा सापडतात म्हटल्यावर हमाल चिडले, “गाभणी शेळी कापावी तसं झालं हे.” केवळाबाईनं विचारलं, एवढं पाणी अन् खारट का ठेवलं? साहेबराव नद्यांचं, खडकांचं समजावत होते तोवर रत्नम्मानं निकाल दिला, “नासू नये म्हणून. लोणच्यागत.” आणि हापशाचा दांडा मारता मारता कुणीतरी ओवी घातली, ती दोन दिवसांत रांगभर झाली:

समिंदर गं बापाजी, पाणी ठेवी मिठामंदी
माझी रिकामी घागर, उभी हापश्याच्या रांगंमंदी

साहेबराव वाचत आणि आतून कुठंतरी भिजत. पण घरी वेगळंच ऐकावं लागे.

“काय म्हणावं तुम्हाला?” सरजाबाई पाट सारत म्हणायच्या. “घरात बाबासाहेबांचा फोटो, अन् बाहेर विभूती लावून पोथी? उद्या शेंडी ठेवाल.”

“सरजा, ती पोथी न्हाई.”

“मग सांगा की त्यांना.”

“दर बैठकीला सांगून राहिलो. ते हात जोडून ऐकून घेतात.”

खरी अडचण पोथीला शेवट असतो, ही होती. पोथीला समाप्ती असते आणि समाप्तीला फळ. माणसं जमतात म्हटल्यावर बसलिंगप्पा परत आले आणि त्यांनी दोन्ही ठरवून टाकलं. तपासणीच्याच दिवशी अठरावा अध्याय, त्याच दिवशी महाप्रसाद. पिवळ्या कागदावर पत्रकं छापली: ‘समुद्र ग्रंथाच्या समाप्तीनिमित्त वरुणकृपा होणार आहे. सर्वांनी लाभ घ्यावा.’

“अप्पा, यानं पाऊस येत न्हाई!”

“आला तर?”

“न्हाई आला तर?”

“मग वाचण्यात कुठंतरी चूक झाली आसंल,” बसलिंगप्पा शांतपणे म्हणाले. वाचणारा कोण, हे त्यांना बोलावं लागलं नाही.

वैशाखातल्या त्या दिवशी सकाळी अकराला जीप आली आणि जीपमागं ट्रक. ट्रक रिकामा होता. तपासणी अधिकारी मन्मथ बिराजदार निलंग्याकडचे, नव्या जिल्ह्याइतकेच नवे. निकाल आधी ठरला होता असं नाही. पण डिझेलची मंजुरी एकदाच मिळाली होती, तेव्हा ट्रक बरोबरच आणला होता.

अंगणात मांडव, कापूर, पातेल्यात हुग्गी, गव्हाची खीर, शिजलेली, उंबऱ्यावर चौरंग. बिराजदारांनी गॉगल काढला.

“हे वाचक मंडळ हाय का भजनी मंडळ?”

“वाचकच, साहेब,” साहेबराव म्हणाले.

“रजिस्टर आणा. सदस्य पुढं बसू द्या.”

पंचवीस सदस्य पांढरीशुभ्र धोतरं नेसून पुढं बसले. बिराजदारांनी कागद काढला.

“अध्यक्ष, सांगा. प्रवाळ म्हंजे काय?”

बसलिंगप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी उजवा हात पुढं केला. “हे काय! पोवळं. मंगळाचा खडा हाय साहेब, हैदराबादेहून आणलेला. मंगळवारी घातला की—”

“खडा न्हाई तो!” मागून, घागरींमधून आवाज आला. रत्नम्मा उठून उभी राहिली होती. “बारीक बारीक जीव असतात साहेब, मोहरीएवढे. ते आपल्या अंगातून चुना काढून घर बांधतात. जीव मरतो, घर राहतं, त्याच्यावर दुसरा बांधतो. आशी गावंच्या गावं पाण्याखाली.” मग तिनं अध्यक्षांच्या बोटाकडं पाहिलं. “अन् आमचे अप्पा कुणाचं तरी घर बोटात घालून फिरून राहिले.”

हमालांत हसू फुटलं. बसलिंगप्पांनी हात धोतराच्या घडीत सारला.

बिराजदारांनी दुसरा प्रश्न विचारला, तो उपाध्यक्षांना. उत्तर केवळाबाईनं दिलं. तिसरा खजिनदारांना, उत्तर एका हमालानं दिलं आणि वर विचारलं, “बारीक जाळ्यावर सरकार बंदी का घालत न्हाई?” कागदावरचे बारा प्रश्न संपले. बिराजदारांनी पोटात ठेवलेला तेरावा विचारला, तोही रांगेनं झेलला. साहेबरावांना वाटलं, वाचलो.

बिराजदारांनी पेनाचं टोपण लावलं.

“अवघड झालं,” ते म्हणाले. “जे सदस्य हायत त्यांना काही येत न्हाई. ज्यांना येतं, त्यांची नावं रजिस्टरात न्हाईत.”

“मग घाला की नावं!” केवळाबाई म्हणाली.

“तपासणीच्या दिवशी नावं घालता येत न्हाईत, बाई. मला प्रश्न सदस्यांनाच विचारायचे हायत. मंडळ नापास.” त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्यांनी ट्रककडं हात केला. “घ्या भरायला.”

लातूरहून आलेले चार हमाल दोऱ्या घेऊन वाचनालयाकडं निघाले आणि उंबऱ्याशी थबकले. दार एकच होतं. दारात चौरंग होता. चौरंगावर निळं पुस्तक उघडं, सतरावं प्रकरण संपून अठरावं सुरू होतं तिथं, मध्ये बेलाचं पान.

“समाप्ती झाली न्हाई अजून,” रत्नम्मा म्हणाली. “लावलेली पोथी हालवत न्हाईत.”

हमालांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोऱ्या खांद्यावर टाकल्या. कुणी चौरंगाला हात लावेना, कुणी ओलांडेना.

“मग करा की समाप्ती!” बिराजदार म्हणाले. “किती पानं राहिलीत?”

“अकरा,” साहेबराव म्हणाले.

“वाचा. आम्ही थांबतो.”

“हाव, वाचा सायबराव,” बसलिंगप्पा घाईनं म्हणाले. “हुग्गी निवून राहिली. पाऊस बी खोळंबला.”

साहेबराव चौरंगामागं बसले. पाठीशी चार हजार पुस्तकं, पुढं ट्रक. अकरा पानांचा काय तो वेळ. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं आणि ओठ उघडले नाहीत.

“काय झालं?”

“न्हाई वाचत, साहेब.”

बिराजदार जवळ आले. वाकून, इतरांना ऐकू जाणार नाही असं बोलले. “सोनकांबळे, तुम्ही शिकलेले. पंचशीलाचा झेंडा लावणारी माणसं तुम्ही. हे शास्त्राचं पुस्तक हाय, पोथी न्हाई, हे तुम्हीच एकदा मोठ्यानं सांगा. तुमचं ऐकतील. हमाल आत जातील, मी मोकळा, तुम्ही मोकळे.”

हे तर ते पोथी लागल्यापासून सांगत आले होते. दर बैठकीला, साखर-फुटाण्यांच्या आधी. तेच एकदा आणखी बोलायचं होतं, आणि ते खरं होतं. साहेबरावांनी मांडवाकडं पाहिलं. बाया घागरी सोडून उभ्या होत्या. हापशावर कुणी नव्हतं. आणि मागच्या भिंतीपाशी, डोक्यावर पदर घेऊन, सरजाबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या कुणास ठाऊक. त्या नजर काढून घेत नव्हत्या.

“साहेब,” साहेबराव म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, “हे शास्त्राचं पुस्तक हाय. पण लावलेलं हाय.”

बिराजदारांनी स्वतःच चौरंगाकडं हात नेला. तो हवेत राहिला. निलंग्याला त्यांची आई होती, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आज काय केलं असं ती रोज विचारायची. त्यांनी हात मागं घेऊन खिशातून पेन काढलं आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून अहवाल लिहिला: ‘पुस्तके प्रत्यक्ष वापरात असल्याने हलविता आली नाहीत.’ ग्रंथालय खात्यात असं वाक्य आधी कुणी लिहिलेलं नव्हतं. ते फायलीत कुठं लावावं हे लातूरला कुणाला कळलं नाही, म्हणून त्यावर पुढं काहीच झालं नाही.

ट्रक रिकामा जाऊ नये म्हणून हमाल हुग्गी खाऊन गेले.

पाऊस आला नाही. समाप्तीच झाली नाही तर फळ कुठून, असं बसलिंगप्पा आडतीवर सांगत राहिले. त्यांनाही ते सोयीचं होतं. त्यांच्या बोटावर अंगठीचा पांढरा वण मात्र बरेच दिवस दिसत होता.

सरजाबाईंनी वाटेत एकच विचारलं. “त्या अकरा पानांत हाय काय?”

“समुद्र वाचवायला आपण काय काय करावं, ते.”

“म्हंजे कामाचं तेवढंच राहिलं म्हणा.”



दुसऱ्या दिवशी कुलूप काढायला गेले तेव्हा अंगण भरलेलं होतं. निळं पुस्तक रत्नम्मानं फडक्यात गुंडाळून चौरंगावरच एका कडेला सारलं होतं. “ती पोथी तशीच अर्धी राहू द्या झाकून. दाराचं ती बघून घेईल. पेटीतली दुसरी काढा.”

रजिस्टरात नव्या पानावर त्यांनी आधी नावं लिहिली. रत्नम्मा, केवळाबाई, हमालांची सात, सगळी मिळून त्रेपन्न. मग पेटीतून दुसरं पुस्तक काढलं, खाड्या आणि मिठागरांवरचं. पहिलं पान उघडलं. लांबलचक प्रस्तावना होती, संस्थेची, समितीची, उपसमितीची. ऊन चढत होतं. तीच ती नावं ऐकून कुणाचं काय भलं व्हायचं, असं मनात म्हणत त्यांनी दोन बोटांनी पानं धरून उलटली आणि पहिल्या प्रकरणाला सुरुवात केली.

“गुरुजी,” रत्नम्मा म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिची नजर पानांवर होती. “एक न्हाई, चार पानं उलटलीत तुम्ही.”

“ते काही महत्त्वाचं न्हाई, अव्वा. आभारबिभार हायत.”

“कुणाचे?”

“कागद देणाऱ्याचे. छापणाऱ्याचे.”

“मग त्यांनी छापलं म्हणूनच आलं ना इथवर? मागं घ्या.”

साहेबरावांनी चार पानं मागं घेतली. आणि मुद्रकाचे, मुद्रितशोधकाचे, नकाशे काढून देणाऱ्या कोण्या एका मित्राचे आभार त्रेपन्न माणसांनी हात जोडून, शेवटपर्यंत ऐकले.